रिसर्च पेपरला कुलूप कुणी लावलं? हळदीपासून साय-हबपर्यंतची कोर्टाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांचा डेटा आज संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं काढलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय थोडा कोर्ट-कचेरीचा आहे. पण घाबरू नका, कलमांची जंत्री वाचून दाखवणार नाही. प्रश्न एकच आहे आणि साधा आहे. विज्ञानाचा पेपर वाचायचा हक्क कुणाला? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला, की ज्याला गरज आहे त्याला?

आता तुम्ही म्हणाल, आपल्या हिंगोलीचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि एक नाही, दोन आहेत. एक हळदीचा, दुसरा औंढ्याजवळच्या लायगोचा. दोन्हींवर येतो. आधी कुलूप म्हणजे काय ते समजून घेऊ.

पेवॉल म्हणजे नेमकं काय?

समजा तुम्ही वसमत भागातले आहात, घरी हळद आहे, आणि हळदीच्या कंदकुजवर नवीन काय संशोधन झालंय ते बघायचंय. गूगल स्कॉलरवर टाकलं, पेपर सापडला. शीर्षक दिसतं, सारांशाच्या आठ-दहा ओळी दिसतात. खाली बटण असतं: पूर्ण पेपर विकत घ्या. किंमत साधारण ३० ते ४० डॉलर. म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. एका पेपरचे. आणि एका पेपरवर कुणाचंच भागत नाही. प्रबंधाचा पहिला धडा लिहायचा म्हटलं तरी शंभरेक पेपर चाळावे लागतात. गुणाकार तुम्हीच करा.

ही जी भिंत मध्ये उभी राहते तिला पेवॉल म्हणतात.

आता गंमत बघा. पेपर लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला या पैशातला एक रुपयाही मिळत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला मानधन असतं, गाणं लिहिणाऱ्याला असतं, इथे नाही. पेपर बरोबर आहे का हे तपासणारे दुसरे शास्त्रज्ञ असतात, त्यांनाही बहुतेक वेळा काही मिळत नाही. संशोधनाचा खर्च बऱ्याचदा सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या कराचा. आणि मग तोच पेपर सरकारी विद्यापीठाची लायब्ररी पुन्हा पैसे देऊन विकत घेते. शेत आपलं, बियाणं आपलं, राबलो आपण, आणि बाजारात आपलाच माल आपण विकत घ्यायचा, असा हा हिशोब.

एल्सेव्हिअर हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांची मूळ कंपनी रेलेक्स. २०२३ मध्ये तिच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के होता. शंभर रुपये आले की अडतीस हातात उरतात. असा धंदा कुठे मिळतो सांगा.

पण दुसरी बाजूही ऐका. प्रकाशक म्हणतात, आम्ही संपादक नेमतो, हजारो पेपरमधून निवड करतो, तपासणीची सगळी व्यवस्था चालवतो, शंभर वर्षांपूर्वीचे अंक जपून ठेवतो. हे फुकटात होत नाही. हे खरंच आहे. वाद एवढाच आहे की त्यासाठी एवढी किंमत का, आणि ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं?

कायद्याच्या भाषेत बघायचं तर मेख एका फॉर्ममध्ये आहे. पेपर स्वीकारला गेला की लेखक एका फॉर्मवर सही करतो, आणि कॉपीराइट प्रकाशकाच्या नावावर होतो. सातबारावर नाव बदलावं तसं. त्यानंतर स्वतःचा पेपर स्वतःच्याच वेबसाइटवर टाकायचा झाला तरी लेखकाला अटी वाचाव्या लागतात.

हळदीची लढाई: एका जुन्या पेपरने पेटंट पाडलं

हिंगोली म्हणजे हळद, हे कुणाला सांगायला नको. वसमतला तर हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रच आहे. पण हळदीवरून अमेरिकेत एक लढाई झाली होती, ती आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीत नाही.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे ते होतं. विषय काय, तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर! आपल्याकडे लेकराचा गुडघा फुटला की आजी पहिल्यांदा हळदीचा डबा शोधते. ते म्हणे नवीन शोध.

त्या वर्षी सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेले, मुंबईत गरिबीत वाढलेले. त्यांनी ठरवलं की हे पेटंट सोडायचं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात फेरतपासणीचा अर्ज गेला.

आता इथे नीट लक्ष द्या. 'आमच्याकडे आजी लावते' हे अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात पुरावा म्हणून चालत नव्हतं. त्यांना छापील पुरावा हवा होता. पेटंट मागण्याआधी ही गोष्ट कुठेतरी लिहून प्रसिद्ध झालेली होती, असं दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. मग सीएसआयआरने ३२ संदर्भ गोळा केले. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ. आणि त्यात होता १९५३ सालचा एक पेपर, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. लोकांनी या लढाईला गमतीने हळदीघाटीची लढाई म्हटलं.

यातून मी एकच गोष्ट घेतो. ४० वर्षांपूर्वीचा पेपर कुणाला तरी सापडला आणि वाचता आला, म्हणून तो कामाला आला. तो पेपर अशा कुलपात असता की ज्याला गरज आहे त्याला तो दिसतच नाही, तर? छापलेलं ज्ञान आणि हातात येणारं ज्ञान, यात फरक असतो.

आणि एक विरोधाभासही सांगतो. या लढाईतून धडा घेऊन सरकारने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथालय प्रकल्प सुरू केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यातली माहिती तिथे अशा भाषांत आणि अशा मांडणीत भरली, की परदेशी पेटंट तपासणाऱ्यांना ती लगेच सापडावी. काम जबरदस्त झालं. पण अनेक वर्षं तो खजिना प्रामुख्याने पेटंट कार्यालयांसाठीच होता. सर्वसामान्य माणसाला तो उघडून बघता येत नव्हता. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने तो इतरांसाठी खुला करायला मंजुरी दिली, तीही सशुल्क पद्धतीने. त्यामागेही कारण आहे, सगळं उघडं टाकलं तर कुणीही उचलून थोडा बदल करून पेटंट मागेल, अशी भीती. म्हणजे ज्ञान उघडं ठेवायचं की झाकून, हा प्रश्न फक्त परदेशी कंपन्यांचा नाही. आपल्यालाही तो सुटलेला नाही.

दिल्लीतलं झेरॉक्सचं दुकान

आता कॉपीराइटच्या खटल्यांकडे येऊ. भारतात सगळ्यात गाजलेला खटला एका झेरॉक्सच्या दुकानावर झाला, यावर विश्वास बसतो का?

दिल्ली विद्यापीठात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान. प्राध्यापक अभ्यासक्रमाप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं निवडायचे, दुकानदार त्यांच्या झेरॉक्स काढून एकत्र बांधायचा, आणि पोरं तो गठ्ठा विकत घ्यायची. आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर नोट्सचे सेट मिळतात ना, तसंच. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा ठोकला, दुकानावर आणि विद्यापीठावरही.

विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना करून कोर्टात अर्ज केला की आम्हालाही ऐका. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालाचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. कॉपीराइट हा काही आकाशातून पडलेला नैसर्गिक हक्क नाही. समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने तो दिला आहे, आणि कायद्यानेच त्याला मर्यादा घातल्या आहेत.

ती मर्यादा कुठे आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये. हे कलम लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. त्यात कॉपीराइटचा भंग कशाला म्हणायचं नाही, याची यादी आहे. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत त्यात येते. प्रकाशक अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानेही मूळ तत्त्व मान्य केलं, शिकवण्यासाठी लागेल तेवढं घेता येतं. फक्त या गठ्ठ्यांतला मजकूर खरोखर अभ्यासक्रमासाठी लागणारा होता का, एवढा तपशील तपासायला सांगितलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्यांच्या बाजूची एक संस्था सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथेही मे २०१७ मध्ये काही मिळालं नाही.

म्हणजे वर्गात शिकण्या-शिकवण्यासाठी झेरॉक्स काढताना आपल्या देशात कायदा पोरांच्या बाजूने उभा आहे. ही छोटी गोष्ट नाही. जगात फार कमी देशांत असा निकाल आहे.

साय-हब: एका विद्यार्थिनीने उघडलेलं दार

आता मोठा खटला.

२०११ मध्ये कझाकस्तानमधल्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुण विद्यार्थिनीने साय-हब नावाची वेबसाइट सुरू केली. पेपरचा क्रमांक टाका, पूर्ण पेपर समोर. फुकट. तो येतो कसा? विद्यापीठांच्या लॉगिनमधून पेपर उतरवायचा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवायची, पुढच्या माणसासाठी. ती लॉगिन कुठून येतात यावर प्रकाशकांचा आरोप चोरीचा आहे. एल्बाक्यान म्हणतात, ज्ञान अडवणं हाच खरा अन्याय.

किती लोक वापरत होते? 'सायन्स' या नियतकालिकाने २०१६ मध्ये साय-हबचे आकडे तपासले. सहा महिन्यांत २ कोटी ८० लाख पेपर उतरवले गेले होते. त्यात भारताचे ३४ लाख. चीन आपल्या पुढे, इराण मागे. आणि श्रीमंत विद्यापीठांच्या शहरांतूनही भरपूर वापर होत होता, हेही त्यात दिसलं.

अमेरिकेत एल्सेव्हिअरने २०१५ मध्ये खटला भरला. एल्बाक्यान बाजू मांडायला गेल्याच नाहीत. २०१७ मध्ये न्यायालयाने दीड कोटी डॉलरची भरपाई लावली. त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीनेही ४८ लाख डॉलरचा निकाल मिळवला. पैसे कुणी भरले नाहीत, साइट पत्ता बदलत चालूच राहिली.

याच लढ्यात अमेरिकेतल्या आरन स्वार्ट्झचं नाव घ्यावंच लागतं. त्याने एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संग्रहातले लाखो पेपर उतरवले होते. २०११ मध्ये त्याला अटक झाली. जेस्टोरने स्वतः प्रकरण मिटवलं होतं, पण सरकारी वकिलांनी खटला सोडला नाही. एकूण १३ आरोप लागले. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, २६ व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पेपर वाचायला मिळावेत यासाठीच्या भांडणात माणसं किती मोठी किंमत मोजतात, हे सांगायला हे एकच उदाहरण पुरे आहे.

दिल्लीत काय झालं?

डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी हे तिघं दिल्ली उच्च न्यायालयात आले. मागणी अशी की साय-हब आणि लिबजेन या दोन्ही साइट भारतात बंद करा. अशी साइट पत्ता बदलून परत आली तर तीही लगेच बंद करता यावी, असा रस्ता याच न्यायालयाने २०१९ मध्ये सिनेमांच्या पायरसीच्या प्रकरणात उघडून ठेवला होता.

पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. या वेळी एल्बाक्यान यांनी वकील उभे केले. म्हणजे एकतर्फी निकाल लागणार नव्हता. २४ डिसेंबर २०२० ला त्यांच्या वतीने न्यायालयाला शब्द दिला गेला की पुढच्या तारखेपर्यंत नवीन पेपर साइटवर टाकणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारतातले शास्त्रज्ञ आणि दिल्ली सायन्स फोरमसारख्या संघटना न्यायालयात गेल्या. साइट बंद झाल्या तर आमच्या संशोधनाचं काय, आमचंही ऐका, असं त्यांचं म्हणणं. हा सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न आहे हे न्यायालयानेही मान्य केलं.

त्यांचा मुद्दा परत त्याच कलम ५२ वर होता. त्यात म्हटलंय की खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, आणि त्यात संशोधनही आलं, एखाद्या लेखनाचा रास्त वापर केला तर तो कॉपीराइटचा भंग नाही. मग पीएचडी करणाऱ्या पोराने एक पेपर वाचायला घेतला, तर तो रास्त वापर नाही का?

प्रकाशकांचं उत्तर ठरलेलं होतं. वाचणाऱ्याचं सोडा, ही साइट कोट्यवधी पेपर पूर्णच्या पूर्ण वाटतेय. यात एका माणसाचा वैयक्तिक वापर कुठे आला?

खरा कायदेशीर पेच इथेच आहे बघा. कलम ५२ वाचकाला संरक्षण देतं. पण वाचकापर्यंत पेपर पोचवणाऱ्याला देतं का? रामेश्वरीच्या खटल्यात दुकानदाराला मिळालं, कारण मागे विद्यापीठ होतं, प्राध्यापक होते, अभ्यासक्रम होता, आणि प्रती ठरावीक प्रकरणांच्याच होत्या. साय-हबच्या मागे यातलं काही नाही. दुसरीकडे, रास्त वापराचा हक्क कागदावर आहे पण पेपर हातातच येत नाही, तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं? विहिरीवर सगळ्यांचा हक्क म्हणायचं आणि दोर-पोहरा एकाच्याच घरात ठेवायचा, तसं झालं.

या प्रश्नावर निकाल यावा म्हणून सगळं जग आपल्या दिल्लीकडे बघत होतं. पण खटला त्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आधीच दुसऱ्या गोष्टीवर अडला. सप्टेंबर २०२१ मध्ये साय-हबला दहा वर्षं झाली, त्या निमित्ताने एल्बाक्यान यांनी २३ लाखांहून जास्त नवे पेपर टाकले. बंधनाची मुदत संपली होती असं त्यांचं म्हणणं. पुढे साय-नेट नावाची आणखी एक साइट आली, तिथे लोक एकमेकांना पेपर पुरवू लागले. प्रकाशकांनी तक्रार केली की न्यायालयाला दिलेला शब्द मोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं आणि साय-हब, साय-नेट आणि लिबजेन भारतात बंद करण्याचा आदेश दिला.

बारकाईने बघा. हा अंतरिम आदेश आहे. शब्द मोडला या मुद्द्यावर आलेला. संशोधकाने पेपर वाचणं हा रास्त वापर आहे की नाही, या मूळ प्रश्नाचा निकाल या आदेशाने लावलेला नाही. ज्या प्रश्नासाठी शास्त्रज्ञ कोर्टात गेले होते तो तसाच राहिला, आणि दार मात्र बंद झालं. कोर्टाला दिलेला शब्द पाळला असता तर कदाचित तो निकाल आपल्याला बघायला मिळाला असता. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

सरकारने काढलेला तोडगा

याच काळात सरकारने वेगळा मार्ग घेतला. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स. ६,३०० हून जास्त सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था, आणि त्यातले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था व्यवस्था बघते.

चांगली गोष्ट आहे, नाही म्हणायचं कारण नाही. आधी आयआयटीत जे पेपर उघडायचे ते आता लहान गावातल्या सरकारी कॉलेजातही उघडू शकतात. पण नावात 'वन नेशन' असलं तरी पूर्ण नेशन त्यात नाही. सुरुवात सरकारी संस्थांपासून आहे. आपल्या मराठवाड्यात बरीच कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची. तिथल्या पोरांचं काय? पदवी झाल्यावर घरी बसून अभ्यास करणाऱ्याचं काय? हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं, तालुक्यातल्या डॉक्टरचं, पत्रकाराचं काय? आणि तीन वर्षांनी पुन्हा करार करायचा तेव्हा किंमत कोण ठरवणार? कुलूप तेच राहिलं, आपण फक्त चावीचं भाडं एकत्र भरतोय.

दुसरा मार्ग आहे पेपर मुळातच खुला छापायचा. पण त्यात बऱ्याचदा वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेतात. 'नेचर'ने खुल्या पेपरसाठी सुरुवातीला ९,५०० युरो दर लावला होता. म्हणजे आठ-साडेआठ लाख रुपये. वाचायची भिंत काढली आणि लिहायच्या दारात उभी केली. आणि याचाच फायदा घेऊन 'दोन हजार भरा, तीन दिवसांत पेपर छापून देतो' असले मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. तसल्या जर्नलच्या नादी लागू नका बरं का. गाइडला दाखवल्याशिवाय कुठेही पैसे भरायचे नाहीत.

आणि आता औंढा

सुरुवातीला दोन संबंध म्हणालो होतो. दुसरा हा.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यातून अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या. अशाच अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा ही लहर पकडली. शोध जाहीर झाला ११ फेब्रुवारी २०१६ ला. पेपर लिहिणाऱ्या हजारभर लोकांत पुण्याच्या आयुकातले शास्त्रज्ञही होते.

या पेपरचं एक विशेष सांगू? तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला आहे. आत्ता, या क्षणी, फोनवर उघडा. एक रुपया लागणार नाही. नुसता पेपर नाही, त्या लहरीची मूळ आकडेवारीही खुली ठेवली आहे. कॉम्प्युटर येणारं कुणीही पोरगं ती उतरवून स्वतः तपासू शकतं. भौतिकशास्त्रात ही सवय जुनी आहे. १९९१ पासून अर्काइव्ह नावाच्या साइटवर शास्त्रज्ञ आपले पेपर आधी फुकट टाकतात, मग जर्नलला देतात. जर्नल बंद पडली नाहीत. आभाळ कोसळलं नाही.

म्हणून मला वाटतं, कोर्टाच्या तारखांची वाट बघत बसण्यापेक्षा मोठा बदल शास्त्रज्ञांच्या आणि पैसे देणाऱ्यांच्या हातात आहे. अमेरिकन सरकारने २०२२ मध्येच सांगून टाकलं की सरकारी पैशातून झालेलं संशोधन छापल्याबरोबर लोकांना फुकट मिळालं पाहिजे. आपल्याकडेही विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या केंद्राच्या दोन विभागांचं खुल्या प्रवेशाचं धोरण डिसेंबर २०१४ पासून आहे. पेपर संस्थेच्या खुल्या संग्रहात ठेवा, असं ते सांगतं. धोरण आहे. पाळलं जातं का, हे विचारणारे कमी आहेत.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

साइट बंद झाली म्हणून अभ्यास थांबत नाही. हे सगळे मार्ग कायदेशीर आहेत. एकेक करून बघा.

पहिलं, पेपरचं पूर्ण शीर्षक गूगल स्कॉलरवर टाका आणि खाली 'सर्व आवृत्त्या' असं असतं, ते दाबा. बऱ्याचदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत सापडते.

दुसरं, अनपेवॉल. ब्राउझरला जोडलं की कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. वैद्यकीय विषयासाठी पबमेड सेंट्रल, गणित-भौतिकशास्त्र-कॉम्प्युटरसाठी अर्काइव्ह.

तिसरं, शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट आहेत. शेतीसाठी कृषिकोश बघा, कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे मिळतात. हळद, सोयाबीन, कापूस, जे हवं ते शोधा.

चौथं, लेखकाला सरळ ईमेल करा. पेपरच्या पहिल्या पानावर पत्ता असतो. 'मी हिंगोलीचा विद्यार्थी, तुमचा हा पेपर वाचायचा आहे, एक प्रत पाठवाल का?' एवढं पुरे. बहुतेकांना आनंदच होतो, कारण आपला पेपर कुणी वाचतंय यासारखं सुख त्यांना नाही.

पाचवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या ग्रंथपालांना जाऊन भेटा. आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. तुमची नोंदणी तिथे पीएचडीला असेल तर विद्यापीठाच्या लायब्ररीचं कोणतं लॉगिन तुम्हाला मिळू शकतं, घरून उघडतं का, हे विचारा. कॉलेजातल्या सरांना विचारा, आपलं कॉलेज सबस्क्रिप्शन योजनेत आहे का? नसेल तर का नाही? मागितल्याशिवाय आई पण जेवायला वाढत नाही म्हणतात. दहा जणांनी विचारलं तर ग्रंथपालांनाही वर पत्र लिहायला बळ येतं.

आणि तुमच्यातलं कुणी उद्या स्वतः पेपर लिहील, तेव्हा तो कॉपीराइटचा फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. जर्नलला देण्याआधीची प्रत खुल्या साइटवर ठेवता येते का, ते बघा. अनेक प्रकाशक ते चालवून घेतात. जे कुलूप आपल्याला नडलं, ते आपल्या हाताने पुढच्याला लावायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. हा भाग तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाका, विशेषतः जे पीएचडीच्या नावाने डोकं धरून बसलेत त्यांना पाठवा. लेखकाला ईमेल करून पेपर मिळाला तर मला नक्की कळवा, पुढच्या भागात तुमचा अनुभव वाचून दाखवतो. भेटू लवकरच!